रॉडवेलचा पगार

मालिका सुरू होते ती चर्चमध्ये. इंग्लंडच्या ईशान्येकडचं एक शहर, प्रार्थनेला जमलेली साधी माणसं, आणि पाद्री देवाकडे मागणं मागतोय ते फुटबॉल क्लबासाठी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं होतं. पहिला भाग संपेपर्यंत हसू गेलं होतं.

'संडरलँड टिल आय डाय' ही मालिका नेटफ्लिक्सवर डिसेंबर २०१८ मध्ये आली. मी ती पाहिली २०२०च्या लॉकडाऊनमध्ये, पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटवर, दोन मैत्रिणींसोबत. त्यांतल्या एकीला ऑफसाइड म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, तरी शेवटच्या भागात तीच रडली. या मालिकेची ताकद ती हीच. फुटबॉल न कळणाऱ्यालाही ती कळते.

गोष्ट थोडक्यात अशी. संडरलँड हा क्लब दहा वर्षं प्रीमियर लीगमध्ये होता. २०१६-१७च्या हंगामात तो तळाला गेला आणि दुसऱ्या पायरीवर, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, घसरला. मालिका काढणारे स्वतः या क्लबाचे चाहते. त्यांना चित्रित करायचं होतं ते पुनरागमन. प्रत्यक्षात २०१७-१८ मध्ये चॅम्पियनशिपच्या २४ संघांत संडरलँड चोविसावा आला आणि आणखी एक पायरी खाली गेला. घरच्या मैदानावर जिंकायला या संघाला जवळजवळ एक वर्ष लागलं. डिसेंबर २०१६ नंतरचा पुढचा विजय थेट डिसेंबर २०१७ मध्ये. ते मैदान उभं आहे एका बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीच्या जागेवर. बाहेर खाणकामगाराच्या दिव्याचं स्मारक आहे. या शहरातली जहाजबांधणी १९८८ मध्ये संपली. खाणी गेल्या, गोद्या गेल्या, राहिला तो क्लब, हे मालिका एकदाही भाषण न ठोकता दाखवते. टॅक्सीवाला, सीझन तिकीट धरणारी म्हातारी माणसं, सराव मैदानाच्या स्वयंपाकघरात खेळाडूंसाठी रांधणारी बाई. या माणसांच्या चेहऱ्यांवरून मालिका पुढे सरकते. क्रीडाविषयक माहितीपटांत हे क्वचित घडतं, म्हणून तिचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं.

माझी तक्रार वेगळी आहे. ही मालिका एका क्लबाच्या दुःखाची आहे, तितकीच एका क्लबाच्या ताळेबंदाची आहे. दुःख तिला अचूक सांगता येतं. ताळेबंद मात्र ती एका माणसाच्या स्वभावात कोंबून मोकळी होते. त्या माणसाचं नाव जॅक रॉडवेल.

खलनायक

रॉडवेल २०१४ मध्ये मँचेस्टर सिटीकडून संडरलँडला आला. सुमारे एक कोटी पौंडांची बोली, पाच वर्षांचा करार, आणि बातम्यांनुसार आठवड्याला ७०,००० पौंड पगार. त्या वेळच्या दराने आठवड्याला साठ लाख रुपयांच्या वर. क्लब खालच्या लीगमध्ये गेला तर पगार आपोआप कमी होईल अशी अट इतर बहुतेक खेळाडूंच्या करारात होती, रॉडवेलच्या करारात नव्हती, असं त्या काळात वारंवार छापून आलं. दुखापती, हरवलेला फॉर्म, आणि त्या हंगामात मैदानावर जवळजवळ नाहीच. पगार मात्र पूर्ण.

मालिकेत क्लबाचा मुख्य कार्यकारी अधिकारी मार्टिन बेन कॅमेऱ्यासमोर हे सगळं सांगतो. सूर थकलेल्या, समजूतदार माणसाचा. रॉडवेलला खेळायचं असेल तर त्याने करार सोडावा, दुसरीकडे जावं, आम्ही आडवे येणार नाही, अशी ऑफर दिली. तो तयार नाही. मग कॅमेरा चाहत्यांकडे वळतो. लोक चिडलेले. ज्या शहरात माणसं पै-पै साठवून तिकीट काढतात तिथे हा न खेळता पैसे नेतो. आम्हीही तिघी सोफ्यावरून त्याला शिव्या घालत होतो. मी सर्वांत जास्त.

रॉडवेलची बाजू त्याच्या तोंडून आपल्याला ऐकायला मिळत नाही. तो दिसतो तो दुरून, इतरांच्या बोलण्यात. तेव्हा मला हे खटकलंही नव्हतं.

२०२३ मध्ये मी ज्या कंपनीत कोड लिहीत होते तिथे एका दुपारी मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. एचआरची मुलगी माझ्याच वयाची होती, तिचाही सूर थकलेला आणि समजूतदार होता. प्रोजेक्ट बंद झालाय, कंपनी अडचणीत आहे, तू स्वेच्छेने राजीनामा दिलास तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. माझ्या ऑफर लेटरमध्ये लिहिलं होतं की कंपनीने काढलं तर दोन महिन्यांचा पगार द्यावा लागेल. मी स्वतः राजीनामा दिला तर तो द्यावा लागणार नव्हता. मी ते कलम दाखवलं. ती म्हणाली, "कायद्याने बघायला गेलं तर बरोबर आहे गं, पण या वेळी सगळ्यांनीच कंपनीला थोडं समजून घ्यायला हवं." बाहेर आल्यावर टीममधला एक जण म्हणाला, "जाऊ दे ना, कशाला वाढवतेस? पुढची नोकरी बघ." मी सही केली.

त्या आठवड्यात घरी रिकामी बसले असताना मालिका परत लावली. रॉडवेलचा प्रसंग आला आणि मला बेनच्या जागी ती मीटिंग रूम दिसायला लागली. शब्द वेगळे, मागणी तीच. करारात जे लिहिलं आहे ते तू सोडून दे, आणि नाही सोडलंस तर तू लोभी.

आठवड्याला सत्तर हजार पौंड आणि माझा पगार यांची तुलना होत नाही, हे मला कळतं. रॉडवेलची कीव करा असं मी म्हणत नाही. पण एखादा पगार अवाढव्य आहे म्हणून त्यामागच्या सहीचा हिशेब बदलत नाही. तो करार दोघांनी केला होता. २०१४ मध्ये क्लबाच्या बाजूने कोणीतरी पेन उचललं होतं, आणि घसरलो तर काय होईल ही ओळ लिहिली नव्हती. बेन क्लबात आला २०१६ मध्ये, म्हणजे ती सही त्याची नव्हे. मग कोणाची? का केली? त्या वेळी ती शहाणपणाची वाटली असेल का? आठ भागांच्या मालिकेत हे प्रश्न कोणी नीट विचारत नाही.

शंभराला एकशे सात

उत्तर शोधायला मालिकेच्या बाहेर जावं लागतं. डेलॉइट ही संस्था दरवर्षी युरोपातल्या फुटबॉलच्या अर्थकारणाचा आढावा काढते. त्यात २०१८-१९च्या हंगामासाठी चॅम्पियनशिपचा आकडा आहे १०७ टक्के. म्हणजे सगळ्या क्लबांनी मिळून तिकिटं, टीव्ही, जाहिराती, शर्ट, बिअर यांतून १०० पौंड कमावले आणि १०७ पौंड नुसत्या पगारावर घातले. वीज, प्रवास, गवत, खेळाडू विकत घेण्याचे हप्ते, हे सगळं त्यापुढचं. कोविडच्या काळात, २०२०-२१ मध्ये, हे प्रमाण १२५ टक्क्यांवर गेलं. अलीकडे ते शंभराच्या खाली आलं, पण नव्वदच्या वरच राहिलं. फरक भरतो मालक. त्याने भरायचं थांबवलं की क्लब कोसळतो.

एक क्लब असं करत असेल तर त्याला वेडेपणा म्हणता येईल. चोवीस क्लबांची बेरीज अशी येत असेल तर तो कुणाचा स्वभाव नसतो, ती रचना असते. आमच्या भाषेत सांगायचं तर हा बग नाही, सिस्टिम ज्यासाठी बांधली आहे तेच करतेय.

रचना साधी आहे. ४६ सामने. पहिले दोन संघ वर जातात. तिसऱ्यासाठी त्यापुढच्या संघांत बाद फेरी, आणि तिचा अंतिम सामना वेम्बलीवर. वर गेलं की तळाच्या क्लबालाही वर्षाला दहा कोटी पौंडांच्या आसपास टीव्हीचे पैसे. खाली राहिलं की त्याच्या एक दशांशच्या आसपास. २०१९ मध्ये त्या वेम्बलीच्या एका सामन्याची किंमत जिंकणाऱ्यासाठी किमान १७ कोटी पौंड धरली गेली होती. दोन पायऱ्यांमध्ये एवढी दरी असेल तर दरीच्या काठावर उभा असलेला प्रत्येक जण उडी मारायला बघणार, आणि उडी मारायची म्हणजे शेजाऱ्यापेक्षा चांगला स्ट्रायकर आणायचा. शेजारीही तेच करतो. सगळ्यांचे पगार वाढतात, वर जाणारे मात्र तीनच.

बारावीला असताना आमच्या गल्लीत हेच चाललं होतं. एकाने दीड लाखाचा क्लास लावला, म्हणून दुसऱ्याने दोनचा, मग तिसऱ्याने मुलाला लातूरला धाडलं. सगळ्या पालकांचा खर्च वाढला, सीओईपीच्या जागा तेवढ्याच राहिल्या. कुठल्याही एका बापाला वेडा म्हणता येत नव्हतं. क्लास न लावणं हाच त्यांतला सर्वांत मोठा जुगार होता.

त्यात आणखी एक गुंता आहे. प्रीमियर लीगमधून पडणाऱ्या क्लबाला पुढची दोन-तीन वर्षं 'पॅराशूट' रक्कम मिळते. वरच्या क्लबांना टीव्हीच्या पैशातला जो समान वाटा मिळतो, त्याचे पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. हेतू चांगला आहे, कारण पडणाऱ्याच्या डोक्यावर जुने मोठे पगार असतात. पण त्याच मैदानात असे क्लबही असतात ज्यांना याचा एक छोटा तुकडाच मिळतो. त्यांना बरोबरी करायची तर मालकाच्या खिशातूनच. म्हणजे पडलेल्याला वाचवायला लावलेली छत्री उभ्या असलेल्यांना कर्जात ढकलते.

नियम नाहीत असं नाही. चॅम्पियनशिपच्या क्लबाला तीन वर्षांत मिळून ३ कोटी ९० लाख पौंडांपर्यंत तोटा करता येतो, मालक तो भरून काढणार असेल तर. नियम तोटा करू नका म्हणत नाही, एवढाच करा म्हणतो. मग क्लब मर्यादेत बसायच्या वाटा शोधतात. डर्बी काउंटीने २०१८ मध्ये आपलं स्टेडियम आपल्याच मालकाच्या कंपनीला आठ कोटी पौंडांहून जास्त किमतीला विकलं. उजव्या खिशातून डाव्या खिशात, आणि हिशेबात नफा. हे तेव्हाच्या नियमांत बसलं. अंगाशी आला तो दुसराच प्रकार, खेळाडूंच्या करारांची किंमत वर्षावर्षाला किती कमी दाखवायची त्याचा. त्याबद्दल ९ गुण, आणि त्याआधी क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेल्याबद्दल १२, असे २०२१-२२ मध्ये डर्बीचे २१ गुण कापले गेले. खेळाडूंनी मैदानावर ५५ गुण मिळवले होते, तक्त्यात ३४ उरले. क्लब खाली गेला. त्याआधी २०२० मध्ये विगनने हलला ८-० हरवलं आणि त्याच महिन्यात, १२ गुण कापल्यामुळे, विगन खाली गेलं. शिक्षा संघाला होते, शहराला होते. सही करणारा तोवर बहुतेक वेळा निघून गेलेला असतो.

हे सगळं डोक्यात ठेवून संडरलँडकडे परत पाहिलं की रॉडवेलचा करार वेगळा दिसतो. २०१४ मध्ये प्रीमियर लीगमध्ये टिकण्यासाठी धडपडणाऱ्या क्लबाने, सिटीसारख्या क्लबातून इंग्लंडचा खेळाडू आणायचा म्हणून, लागेल ती अट मान्य केली. 'पडलो तर' ही ओळ घालायचा आग्रह धरला असता तर तो कदाचित दुसरीकडे गेला असता. काठावरचा क्लब पडण्याची शक्यता कागदावर लिहायला घाबरतो. तो करार म्हणजे एका लोभी तरुणाचा पराक्रम नव्हे. त्या दरीचीच ती पावती होती.

जो दिसत नाही

पहिल्या सीझनमध्ये रॉडवेलपेक्षाही जास्त अदृश्य असलेला माणूस म्हणजे मालक, एलिस शॉर्ट. क्लबावर दहा कोटी पौंडांच्या वर कर्ज होतं. त्याने पैसे घालणं थांबवलं होतं, आणि त्यातूनच खरेदी बंद, विक्री घाईची, मॅनेजर हतबल. शेवटी २०१८ मध्ये कर्ज स्वतः फेडून त्याने क्लब विकला. तो खलनायक होता की पैसे घालून घालून दमलेला माणूस, हे ठरवायलाही तो समोर यायला हवा. ज्याने बोलायला नकार दिला त्याला जबरदस्तीने बोलतं करता येत नाही, हे खरं. पण गैरहजेरीसुद्धा दाखवता येते. इथे ती भरून काढली आहे रॉडवेलने.

मालक म्हटलं की पुण्यातल्या माणसाला ब्लॅकबर्न आठवायला हवं. १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये इथल्या वेंकीजने २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. दीड वर्षात तो चॅम्पियनशिपमध्ये पडला. ज्या सामन्यात ते नक्की झालं त्यात कोणीतरी मैदानात क्लबाचे रंग पांघरलेली जिवंत कोंबडी सोडली होती. मधे तो तिसऱ्या पायरीवरही जाऊन आला. त्यानंतर वर्षानुवर्षं पगार उत्पन्नापेक्षा जास्त, आणि फरक पुण्यातून. अलीकडे परदेशी पाठवलेल्या पैशांच्या एका प्रकरणामुळे ती रक्कम तिकडे धाडायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. ब्लॅकबर्नच्या चाहत्यांच्या लेखी हे मालक म्हणजे क्लबाची वाट लावणारे, आणि शिवाय क्लब ज्यांच्या पैशावर जिवंत आहे तेही तेच. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. सिंहगड रोडवरून जाताना मला नेहमी वाटतं, या बाजूने कोणी ही गोष्ट सांगितली तर काय दिसेल? दर महिन्याला हा चेक फाडताना काय वाटतं? थांबवता का येत नाही?

आणि रॉडवेल? कराराचं एक वर्ष बाकी असताना २०१८च्या उन्हाळ्यात परस्पर संमतीने तो संडरलँडमधून सुटला आणि ब्लॅकबर्नमध्ये एक हंगाम खेळला. म्हणजे ज्याला आम्ही पुण्यात बसून शिव्या देत होतो, त्याचा पुढचा पगार पुण्याच्याच मालकांनी दिला होता.

मालिकेला जे जमलं

एका जागी मालिकेने माझं म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलं आहे, ते सांगायला हवं. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या सीझनमध्ये क्लब तिसऱ्या पायरीवर आहे, मालक नवा आहे, स्ट्युअर्ट डोनाल्ड, आणि तो सतत कॅमेऱ्यासमोर आहे. जानेवारी २०१९च्या खरेदीचा शेवटचा दिवस. गोल करणारा तरुण जॉश माजा क्लब सोडून गेलाय, बदली हवाय. विल ग्रिग या स्ट्रायकरची किंमत एवढी नाही असं क्लबातलीच जाणती माणसं सांगतात. डोनाल्ड फोनवर आकडा वाढवतो, पुन्हा वाढवतो. शेवटी सौदा तीस लाख पौंडांच्या घरात होतो. त्या तासाभरात लोभ कुठेच दिसत नाही, दिसते भीती. उद्या सकाळी हजारो लोक विचारतील, स्ट्रायकर कुठे आहे? ग्रिगला पुढे तिथे फारसं काही जमलं नाही.

दहा आढावे वाचून कळणार नाही ते या प्रसंगात कळतं. पगार आणि बोल्या वाढतात त्या प्रेमाच्या धाकाने. ज्या चाहत्यांच्या निष्ठेवर मालिका आरती ओवाळते, तीच निष्ठा त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला उभी असते. पहिल्या सीझनमध्ये असा एक प्रसंग असता, २०१४च्या त्या सहीबद्दल कोणी एवढ्या उघडपणे बोललं असतं, तर रॉडवेलला खलनायक करायची गरज उरली नसती.

यावर कोणी म्हणेल की ही माणसांची मालिका आहे, हिशेबाची नाही. तू तिच्याकडून चुकीची अपेक्षा करतेस. मला ते पटत नाही. स्वयंपाकघरातल्या त्या बाईची नोकरी राहील की नाही हे ठरतं ते हिशेबानेच. क्लब घसरला की खेळाडूंच्या आधी कार्यालयातली, तिकीट खिडकीवरची माणसं जातात, कारण त्यांच्या कागदावर कलमं कमी असतात. मालिका त्या बाईवर प्रेम करते, आणि तिच्यावर आलेल्या संकटाचं खापर दुसऱ्या पगारदारावर फोडते. दोन पगारदारांना एकमेकांसमोर उभं केलं की ज्याने सह्या केल्या तो चौकटीबाहेर निवांत राहतो. मीटिंग रूममध्ये मला सांगितलं होतं की तू अडून बसलीस तर टीममधल्या आणखी कोणाला तरी जावं लागेल. युक्ती तीच.

२०२५च्या मे महिन्यात संडरलँडने वेम्बलीवर शेफील्ड युनायटेडला २-१ हरवलं आणि आठ वर्षांनी प्रीमियर लीग गाठली. शेवटच्या मिनिटांत गोल करणारा टॉम वॉटसन एकोणीस वर्षांचा होता आणि ब्रायटनला जायचं त्याचं आधीच ठरलं होतं. तरुण पोरं घ्या, खेळवा, विका, या पद्धतीने हा संघ बांधलेला होता. त्याच वर्षी शेफील्ड वेन्सडेमध्ये खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार पुन्हा पुन्हा थकले आणि ऑक्टोबरमध्ये तो क्लब प्रशासकाच्या हाती गेला. एक वर गेला म्हणून दरी बुजत नाही.

तो अंतिम सामना मी नव्या कंपनीतल्या दोघांबरोबर पाहिला. वॉटसनचा गोल झाल्यावर मीही ओरडले. नंतर एकाने विचारलं, "हा पोरगा दुसऱ्या क्लबाशी करार करून बसलाय ना? मग याचं काय कौतुक?"

मी म्हटलं, करार केला आणि कामही केलं, अजून काय हवं?